भावी डॉक्टरांच्या झोपेचा तास

दुपारची वेळ, पोटात मेसचं जेवण आणि एमबीबीएसची नवी बॅच. फाउंडेशन कोर्स चालू आहे. मानसोपचार विभागातल्या मॅडम विचारतात, ‘काल रात्री सात तास कोण झोपलं?’ भरलेल्या लेक्चर हॉलमध्ये मोजके हात वर होतात, तेही आजूबाजूला बघत बघत. नीटच्या तयारीत ज्यांनी दोन-दोन वर्षं पहाटेचे गजर लावले, त्यांना सात तास झोपणं हा आळसच वाटणार. मागच्या बाकावर एकाचा डोळा लागलेला असतो. शेजारी त्याला कोपर मारायला जातो, तर मॅडम म्हणतात, ‘राहू दे, तो आजचं प्रात्यक्षिक करतोय.’

थोड्याफार फरकाने हा तास आता अनेक मेडिकल कॉलेजांत होतो. 2019 साली नवा अभ्यासक्रम आला तेव्हा पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला महिनाभराचा फाउंडेशन कोर्स सक्तीचा झाला. त्याच्या 175 तासांत व्यावसायिक विकास आणि नीतिमत्तेला 40 तास होते, ताण आणि वेळ कशी हाताळायची ते त्यातच. खेळ आणि इतर उपक्रमांना 22 तास. पुढे हा कोर्स आखडून दोन आठवड्यांवर आला.

स्वतःची काळजी शिकवणारे हे तास दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात स्लाइडवर सूर्योदयाचा फोटो, ‘सकारात्मक राहा’ असा उपदेश आणि पाहुण्यांचा सत्कार. दुसऱ्या प्रकारात मुलांच्या हातात कोरा कागद देतात आणि कालच्या चोवीस तासांचा हिशेब मांडायला सांगतात. मोबाइलचा रकाना भरताना पेन अडखळतं. सकाळचा नाश्ता बऱ्याच जणांच्या कागदावर नसतोच. पहिल्या प्रकारातून विद्यार्थ्यांना काय मिळतं हे सांगणं कठीण आहे. दुसऱ्यातून निदान स्वतःची केस हिस्टरी मिळते.

खरी शिकवण मात्र शरीराशी थेट गाठ पडते तिथे होते. उदाहरणार्थ, सुई टोचण्याचा धडा. रक्त काढताना वापरलेली सुई बोटात गेली तर घाबरायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, पिळायचं नाही. साबण-पाण्याने धुवायचं आणि लगेच कळवायचं. एचआयव्हीचा धोका असेल तर प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू करायचं आणि 28 दिवस घ्यायचं. हेपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस त्याआधीच पूर्ण झालेले हवेत. माहिती एवढीच, दहा मिनिटांत सांगून होते. अवघड असतं ते ‘लगेच कळवायचं’. मध्यरात्री वॉर्ड भरलेला असताना, सिनिअर वैतागलेला असताना, ‘मला सुई टोचली’ हे वाक्य तोंडातून बाहेर पडायला सराव लागतो. म्हणून चांगले शिक्षक तो प्रसंग वर्गात करूनच घेतात: एक जण सिनिअर होतो, एक इंटर्न. इंटर्न झालेला हमखास ‘सॉरी सर’ने सुरुवात करतो आणि त्याला थांबवून पुन्हा बोलायला लावतात.

खोकल्याचंही तसंच. दोन आठवडे खोकला राहिला तर थुंकी तपासा, असं रुग्णाला सांगणारा विद्यार्थी स्वतःचा खोकला सिरपवर काढतो. क्षयाचे रुग्ण सतत येत असलेल्या वॉर्डात हा निष्काळजीपणा महागात पडू शकतो. डॉक्टर मंडळींना केसपेपर काढायची लाज वाटते. जिन्यात सिनिअरला गाठून गोळीचं नाव विचारलं की उपचार झाले! मन बिघडलं तर तेवढंही होत नाही. 2016 साली ‘जामा’ या नियतकालिकात जगभरच्या अभ्यासांचा आढावा आला. त्यात 27.2 टक्के वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणं आढळली होती, आणि अशा विद्यार्थ्यांपैकी उपचारापर्यंत पोचलेले होते फक्त 15.7 टक्के. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक रुग्णांइतकाच डॉक्टरांसाठीही आहे, हे वर्गात मुद्दाम सांगावं लागतं.

स्वतःची काळजी घ्यायला शिकवता येतं, याला पुरावा आहे. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात क्रेग हॅसेड यांनी सजगतेचा सराव, व्यायाम, आहार, नातीगोती हे सगळं पहिल्या वर्षाच्या मुख्य अभ्यासक्रमातच बसवलं. 2009 च्या अभ्यासात परीक्षेच्या तोंडावरही या विद्यार्थ्यांची मनःस्थिती सुधारलेली दिसली. अमेरिकेतल्या सेंट लुईस विद्यापीठात स्टुअर्ट स्लॅव्हिन यांनी उलट्या बाजूने हात घातला. सुरुवातीच्या वर्षांतले गुण काढून फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठेवलं, वर्गाचे तास सुमारे दहा टक्क्यांनी कमी केले आणि मग जोडीला सजगतेचे धडे दिले. नैराश्य आणि चिंता दोन्ही उतरली, परीक्षेचे निकाल खालावले नाहीत. या दोन प्रयोगांत आपल्याला जास्त कामाचा दुसरा वाटतो, कारण त्यात विद्यार्थ्याच्या आधी वेळापत्रकावर इलाज झाला.

आपल्याकडे घोडं नेमकं तिथेच अडतं. पहिल्या वर्षी झोपेचं महत्त्व ऐकलेला मुलगा पुढे जेआर-1, म्हणजे पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर होतो, वॉर्डाच्या साइडरूममध्ये मुक्काम ठोकतो आणि इमर्जन्सीच्या दुसऱ्या दिवशीही राउंडला उभा असतो. सिनिअर सांगतो, ‘आम्हीही असंच काढलं.’ हे वाक्य कुठल्याच अभ्यासक्रमात नाही, पण सगळ्यांना पाठ आहे.

कागदावर नियमांची कमतरता नाही. 1992 च्या केंद्रीय निवासी डॉक्टर योजनेत आठवड्याला 48 तास आणि सलग बारा तासांहून जास्त काम नको, असं म्हटलं होतं. 2017 साली शिकागोत जागतिक वैद्यकीय संघटनेने डॉक्टरांच्या जिनिव्हा प्रतिज्ञेत स्वतःचं आरोग्य जपण्याचं कलम घातलं. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने पाहणी केली. त्यात पदवीच्या 27.8 टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं नोंदवलं. कृतिदलाची शिफारस अशी: निवासी डॉक्टरांना आठवड्याला 74 तासांहून जास्त काम नको, एक चोवीस तासांची ड्युटी, पाच दिवस दहा-दहा तास आणि एक सुट्टी. बत्तीस वर्षांत आकडा 48 वरून 74 वर गेला आणि तरी तो दिलासा वाटतो, यावरून प्रत्यक्षात काय चालत असेल त्याचा अंदाज यावा.

तेव्हा विभागप्रमुखांना एक विनंती. पुढचं तणावमुक्तीचं शिबिर ठरवण्याआधी आपल्या युनिटचा या महिन्याचा ड्युटी चार्ट उघडा, जेआर-1च्या नावापुढचे एका आठवड्याचे तास बेरजेला घ्या, आणि बेरीज 74 च्या वर गेली तर शिबिराऐवजी आधी तो चार्ट बदला.