जुने फोटो आणि कन्हानकाठचा खापा

शेतकऱ्याच्या घरात जुने कागद जपण्याची रीत आहे. सातबारा, फेरफार, सोसायटीचे पासबुक, कारखान्याच्या शेअरचा दाखला, उसाच्या वजनाच्या पावत्या हे सारे लोखंडी पेटीत तळाशी असते. त्याच पेटीत बहुधा फोटोंचेही एक पाकीट असते. कागद वर्षातून दोनदा तरी बाहेर निघतात. फोटो मात्र लग्नकार्याखेरीज निघत नाहीत. कागद म्हणजे पुरावा आणि फोटो म्हणजे हौस, असे आपण धरून चाललो आहोत. आमचे म्हणणे याहून थोडे निराळे आहे. आमच्याच पेटीतले जुने फोटो हातात घेऊन, ते जिथे काढले त्या जागी पुन्हा उभे राहून, आम्ही ते ताडून पाहिले आहे. त्यात काय दिसले ते सभासद बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

हौस फार जुनी आहे

फोटो काढण्याची हौस आपल्याकडे आजची नव्हे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्यात साहेब लोक होते, तसे डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते. दोघेही पेशाने डॉक्टर. छायाचित्रण हा त्यांचा पोटाचा धंदा नव्हता. त्या काळी काचेच्या तावदानावर फोटो निघे आणि सोबत रसायनांचा सारा बाडबिस्तारा वाहून न्यावा लागे.

आमच्या वाट्याला सोपे दिवस आले. आगफाचा क्लिक-थ्री नावाचा काळा, डब्यासारखा कॅमेरा आमच्या पिढीतल्या पुष्कळांना आठवत असेल. एका रोलात बारा फोटो. रोल संपला की नागपूरला जाणाऱ्या माणसाजवळ तो धुवायला द्यायचा आणि आठवडाभर वाट पाहायची. पुढे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे ‘इंदू’ रोल मिळू लागले. बाराच फोटो असल्यामुळे माणूस दहादा विचार करून खटका दाबी. म्हणूनच त्या फोटोंत नुसती माणसे नाहीत. घाट, विहीर, बंडी, बाजार, वावराचा धुरा असे बरेच काही मागे-पुढे येऊन बसले आहे. फोटो काढताना जे आमच्या मनातही नव्हते, तेच आज जास्त कामाचे ठरते आहे.

कन्हानच्या पात्रात

पहिला फोटो कन्हान नदीचा. ही नदी सातपुड्यात, छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावते, खाप्याजवळून वाहते, पुढे पेंच नदीला पोटात घेऊन वैनगंगेला मिळते. फोटो ऐन उन्हाळ्यातला आहे. पात्रात लांबच लांब वाळू, तिच्या मधोमध पाण्याची धार आणि वाळूत डांगराच्या वाड्या. कुडाची झोपडी, राखणीला बसलेला माणूस, बाजूला टरबुजांचा ढीग.

तोच महिना आणि तीच सकाळची वेळ धरून आम्ही तिथे उभे राहिलो. वाळूची ती एकसारखी चादर राहिलेली नाही. जागोजागी खड्डे, त्यांत साचलेले पाणी, काठाला बेशरमची झुडुपे. फोटोत ज्या ठिकाणी वाडी आहे तिथे आता वेल लावायला वाळूच नाही.

वाळूचा उपसा हा आपल्या तालुक्यातल्या लोकांच्या नेहमीच्या बोलण्यातला विषय आहे. ट्रॅक्टर-टिप्परवाल्यांना नावे ठेवून आपण मोकळे होतो. पण फोटो दोन्ही बाजूंनी बोलतो. जुन्या फोटोत काठावर एकही मोटार दिसत नाही. आज काठाने पाइपांची रांग आहे आणि त्यांतले काही पाइप आपल्याच ऊसवाल्यांचे आहेत. उसाला पाणी जास्त लागते हे लपवण्यात अर्थ नाही. वाळू गेली की नदीची पाणी धरून ठेवण्याची ताकद जाते आणि काठच्या विहिरींना ते पहिले जाणवते. म्हणजे जे आपण नदीतून ओढतो आणि जे दुसरे ट्रकात भरून नेतात, त्या दोहोंचा हिशेब शेवटी एकाच विहिरीत येतो.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. गावात कोणालाही विचारा, पूर्वी घाटावर गर्द झाडी होती असेच तो सांगेल. आमच्या फोटोतला काठ मात्र बराचसा उघडा आहे. आज त्याच जागी दोन कडुनिंब चांगले वर आले आहेत. आठवण गोड असते, पण ती मोजून ठेवलेली नसते. जुने सारे चांगले आणि नवे सारे वाईट, हा निकाल फोटो देत नाही. काय गेले आणि काय आले, एवढेच तो दाखवतो.

मागाची गल्ली

खापा हे जुने नगरपालिकेचे गाव. १८६७ साली इथे नगरपालिका झाली. हातमागाच्या कापडासाठी गावाचे नाव होते आणि कोष्टी समाजाच्या घरोघरी माग चालत. आमच्या एका फोटोत गल्लीभर ताणा पसरला आहे आणि पांजणी चालू आहे. दोन्ही बाजूंना माणसे, मागे मातीच्या भिंती, कवेलूंची घरे.

तो फोटो घेऊन गल्लीत गेलो तेव्हा सिमेंटचा रस्ता होता, मोटारसायकली होत्या, मागाचा आवाज कुठे आला नाही. एका ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या बाईंना फोटो दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. मग म्हणाल्या, “हे आमचीच गल्ली होय, भाऊ. खांबाले टेकून उभे हायेत ना, ते माहे सासरे. त्यायचा दुसरा फोटो नाही आमच्या घरी.”

आमच्यासाठी तो पांजणीचा फोटो होता; त्या घरासाठी तो घरच्या माणसाचा एकुलता एक फोटो निघाला. त्याची मोठी प्रत करून आम्ही त्यांना नेऊन दिली. आमच्या फिरण्यात एवढे एकच काम झाले असते, तरी आम्हाला पुरले असते.

छोटी गाडी

सावनेर स्टेशनावरचा एक फोटो आहे. नागपूर-छिंदवाडा छोटी गाडी, अडीच फुटी रुळांची. खिडकीतून बाहेर काढलेले हात, फलाटावर पाट्या. ही गाडी २०१५ साली बंद झाली आणि पुढे मार्ग ब्रॉडगेज झाला. जुन्या फलाटाचा अंदाज आता लागत नाही, त्यामुळे तो फोटो पुन्हा काढता आला नाही. नव्या गाडीने माणसे आणि माल लवकर पोचतो, ते चांगलेच झाले. पण छोटी गाडी कशी होती हे नातवाला सांगायचे तर आता फोटोच दाखवावा लागतो. उजनी धरणाच्या काठचे शेतकरी असेच सांगतात. धरणाचे पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते आणि लोक ते पाहायला जातात. देऊळ तरी वर येते; त्याच्याभोवतीची घरे, अंगणे, पिंपळाचे पार ज्यांच्या फोटोत आले असतील त्यांच्यापाशीच आता उरले.

विहीर आणि वावर

सभासदांना सर्वांत जास्त उपयोगाचा फोटो आम्हाला विहिरीचा वाटतो. आमच्याकडे काठावरून आत वाकून काढलेला मे महिन्यातला एक फोटो आहे. पोरे पोहत होती म्हणून तो काढला होता. त्यात दगडी बांधकामाचा एक कोनाडा पाण्याला टेकलेला दिसतो. यंदाच्या मे महिन्यात तोच कोनाडा पाण्याच्या बराच वर, कोरडा होता. पूर्वी पाणी केवढे होते यावर घरात दरवर्षी वाद होई. कोनाड्याने तो मिटवला. दगडाचे थर, पायऱ्या, कोनाडे या विहिरीच्या फुटपट्ट्याच आहेत. ज्यांच्याकडे असा फोटो असेल त्यांनी तो जपावा. नसेल त्यांनी या मे महिन्यात काढावा आणि दरवर्षी त्याच आठवड्यात काढत जावा.

वावराचेही तसेच. आमच्या एका फोटोत आज ऊस आहे तिथे संत्र्याची बाग दिसते. कोळशीच्या रोगाने बागा काळ्या पडल्या, कित्येकांनी झाडे तोडली. त्या दिवसांची खूण फोटोतल्या पानांवर दिसते. कोणते पीक कधी होते, पांदण किती रुंद होती, धुऱ्यावर कोणते झाड होते हे फोटोत राहते. फोटो म्हणजे सरकारी मोजणी नव्हे, हे ध्यानात ठेवावे. पण पांदणीच्या भांडणात चार म्हाताऱ्यांच्या चार साक्षी होतात, तेव्हा तारीख घातलेला एक फोटो लोकांना निदान एका जागी आणून बसवतो.

मोठ्यांनी हेच केले

त्याच जागी पुन्हा जाऊन पाहण्याची रीत आम्ही शोधलेली नाही. दादासाहेब फाळके यांनी राजा हरिश्चंद्र काढण्याआधी कुंडीत वाटाण्याचा दाणा लावला आणि कॅमेरा न हलवता महिन्याहून अधिक काळ त्याची रोज थोडी थोडी चित्रे घेतली. पडद्यावर मिनिटाभरात अंकुर फुटून वेल वाढला. ‘अंकुराची वाढ’ पाहून त्यांना पैसा उभा करता आला आणि १९१३ साली राजा हरिश्चंद्र लोकांपुढे आला. भारतीय सिनेमाचा पाया एका वाटाण्याने घातला, असे म्हटले तर शेतकऱ्याला वाईट वाटू नये.

अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ साली नेमलेला रॉबर्ट गिल हा मूळचा शिपाईगडी. वर्षानुवर्षे खपून त्याने नकला केल्या आणि १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून त्यांतल्या बहुतेक जळाल्या. तो पुन्हा लेण्यांत जाऊन कामाला लागला. त्याने कॅमेराही हाती धरला होता. त्याचे फोटो १८६४ साली पुस्तकांतून छापले गेले. लेणी तेव्हा कशी होती हे पाहायला ते आज उपयोगी पडतात.

आणि आपल्या विदर्भातले, परतवाड्यात १९१६ साली जन्मलेले गो. नी. दांडेकर. लेखक म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. गळ्यात कॅमेरा अडकवून त्यांनी राजगड, रायगड असे किल्ले पुन्हा पुन्हा चढून पाहिले आणि त्यांचे फोटो काढले. एकदा पाहिले म्हणजे संपले, असे त्यांनी कधी मानले नाही.

परदेशांत हिमनद्यांचे असे जोडफोटो एकोणिसाव्या शतकापासून घेतले जात आहेत. बर्फ किती मागे हटले हे शास्त्रज्ञ त्यांवरून दाखवतात. कन्हानच्या वाळूला तीच युक्ती लागू पडते.

करायचे कसे

आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, तेव्हा खर्चाचा प्रश्न नाही. काही गोष्टी मात्र पाळाव्यात.

पहिली गोष्ट जागेची. जुना फोटो हातात धरून त्यात जवळची एक आणि दूरची एक अशा दोन खुणा हेराव्यात. समजा, घाटाची पायरी आणि देवळाचा कळस. फोटोत कळस पायरीच्या ज्या बाजूला दिसतो, त्याच बाजूला दिसेपर्यंत डावी-उजवीकडे सरकावे. मग दोन्हींतले अंतर जुळेपर्यंत पुढे-मागे व्हावे. मोबाइलवर चित्र मोठे करून जागा जुळत नाही. पायांनीच चालावे लागते. खूण न हलणारी घ्यावी. आमच्या एका फोटोत मागे मॅंगनीजच्या खाणीचा ढिगारा आहे. खाण चालू असली की ढिगारा वाढतो, कमी होतो. त्याचा भरवसा नाही. देऊळ, पूल, टेकडी हे बरे.

दुसरी गोष्ट वेळेची. महिना आणि दिवसाचा प्रहर तोच असावा. पावसाळ्यातली नदी आणि उन्हाळ्यातली नदी शेजारी ठेवून काही कळत नाही. सावली कुठे पडली आहे यावरून जुन्या फोटोची वेळ बरीचशी ओळखता येते.

तिसरी गोष्ट जपणुकीची. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने तारीख, जागा आणि माणसांची नावे लिहावीत. बॉलपेन दाबून लिहिल्याने पुढे वळ उठतात. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो कालांतराने निघत नाहीत, फाटतात. ते साध्या कागदी पाकिटात कोरड्या जागी ठेवावेत. निगेटिव्ह फेकू नयेत. फोटोचा फोटो काढताना तो सावलीत, सपाट ठेवून काढावा म्हणजे चकाकी येत नाही. मोबाइल बिघडतो, हरवतो. म्हणून एक प्रत दुसरीकडे ठेवावी आणि महत्त्वाचे फोटो कागदावर काढून घ्यावेत.

चौथी गोष्ट सर्वांत निकडीची. नावे सांगणारी माणसे आहेत तोवर फोटो त्यांच्यापुढे ठेवावेत. फोटो शंभर वर्षे टिकेल. पण त्यात उभा असलेला माणूस कोण, हे सांगणारे तोंड तितके टिकत नाही.

यंदाचा गळीत हंगाम आटोपला की घराघरांत थोडी उसंत मिळेल. तेव्हा सभासद बंधू-भगिनींनी पेटी उघडावी. आपली विहीर, आपल्या गावची नदी किंवा नाला, पहिल्या उसाची लागण, बंडीतून गेलेला ऊस असे जे फोटो निघतील त्यांतला एक तरी निवडून, त्याच जागी उभे राहून नवा फोटो काढावा आणि दोन्ही एकाच पाकिटात, सातबाऱ्याशेजारी ठेवावेत.