विझलेला ज्वालामुखी आणि जागा ज्वालामुखी



४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास जमीन हलली, हे तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. केंद्र मुलुगू जिल्ह्यात होते, तीव्रता ५.३. हादरा हैदराबादेत जाणवला, तसाच प्राणहितेपलीकडे गडचिरोली-चंद्रपुरातही. अशा वेळी आपल्याकडे एक प्रश्न हमखास निघतो : खाली ज्वालामुखी तर जागा होत नाही ना? किनवट तालुक्यातल्या उनकेश्वराच्या गरम पाण्याच्या झऱ्यांकडे बोट दाखवून तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो. शंका अडाणीपणाची मुळीच नाही. म्हणून आजचा विषय.

उत्तर आधीच सांगतो. खाली ज्वालामुखी नाही. पण शेजारी एके काळी होता, आणि तो साधासुधा नव्हता.

बेज्जूरहून पश्चिमेकडे आदिलाबाद, किनवट, यवतमाळच्या बाजूला गेलात की खडकाचा रंग बदलतो. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात गोंडवन काळातले वालुकाश्म आहेत, त्यांच्यातच आपल्या भागाचा कोळसा आहे. पश्चिमेला मात्र काळा कातळ सुरू होतो, तो थेट सह्याद्रीपर्यंत. हा कातळ म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. आजही तो जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते, आपल्याकडे पूर्वेला येताना तो पातळ होत संपतो. आपण राहतो ते त्या काळ्या चादरीच्या काठाशी.

ज्वालामुखी म्हटला की डोळ्यांपुढे टोकदार डोंगर येतो. दख्खनचा उद्रेक तसा नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ शिलारस पुन्हा पुन्हा वाहत आला. एक थर थिजला, काही काळ गेला, त्यावर दुसरा आला. मधल्या काळात त्यावर तळी झाली, झाडे उगवली, प्राणी वावरले. ते सगळे पुढच्या थराखाली गाडले गेले. नागपूरजवळ टाकळी येथे स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात असे जीवाश्म गोळा केले. थरांवर थर चढल्यामुळे डोंगर पायऱ्यांसारखे दिसतात. ‘ट्रॅप’ हे नाव पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून पडले. काही ठिकाणी लाव्हा निवताना आक्रसला आणि त्याचे षट्कोनी खांब झाले. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी त्यासाठी प्रसिद्ध आहे, पण यवतमाळ जिल्ह्यात शिबल्याला असे खांब आपल्याला कितीतरी जवळ आहेत.

हा लाव्हा किती दूर गेला? गोदावरीच्या मुखाकडे राजमहेंद्रीजवळही तोच कातळ सापडतो. प्राचीन नदीखोऱ्यांतून वाहत तो तिथवर गेला असावा, असे अनेक भूवैज्ञानिक मानतात. तसे असेल तर पृथ्वीवरच्या सर्वांत लांब ज्ञात लाव्हा-प्रवाहांत त्याची गणना होते. आणि त्याच कातळाची झीज होऊन आपल्या कापसाची काळी माती झाली. तिला भूगोलाच्या पुस्तकात ‘रेगूर’ म्हणतात, तो शब्द तेलुगू ‘रेगडि’वरून आलेला. साहित्य संस्थेच्या व्याख्यानात एवढे विषयांतर क्षम्य असावे.

मग तो विस्तव गेला कुठे? बहुतेकांचे मत असे की तो कुठे गेला नाही, आपणच पुढे सरकलो. पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त स्थानावरून भारताची भूमी उत्तरेकडे सरकत गेली. ते स्थान आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला पितों द ला फुर्नेज हा ज्वालामुखी अजून वरचेवर उद्रेक पावतो. चूल तीच राहिली, तवा पुढे गेला. म्हणून दख्खन विझलेला आहे, झोपलेला नव्हे.

भारतात जागा ज्वालामुखी एकच : अंदमान समुद्रातले बॅरन बेट, पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १४० किलोमीटरवर. बेट जेमतेम तीन किलोमीटर रुंद आहे आणि माणसांची वस्ती नाही. समुद्रावर साडेतीनशे मीटर दिसते ते केवळ शेंडा. बाकीचा डोंगर दोन हजार मीटरहून अधिक खोल पाण्यात आहे. येथे कारण वेगळे आहे. भारतीय भूपट्ट अंदमानच्या खाली बुडतो, त्याच्यासोबत गेलेले पाणी खोलवर खडकात मुरते, आणि बर्फावर मीठ टाकले की तो लवकर वितळतो तसा तो तापलेला खडक कमी उष्णतेत वितळू लागतो. १७८७ पासून त्याच्या उद्रेकांची नोंद आहे. १८३२ नंतर तो दीडशे वर्षांहून अधिक शांत होता. १९९१ मध्ये पुन्हा पेटला. इतका दीर्घ मुक्काम करून उठणाऱ्याला मृत म्हणण्याची घाई करू नये, हे त्याने शिकवले.

२३ जानेवारी २०१७ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एक पथक अभय मुधोळकर यांच्या नेतृत्वाखाली बेटाजवळ समुद्रतळाचे नमुने घेत होते. अचानक राख उडू लागली. दिवसा केवळ राखेचे ढग दिसले. सूर्य मावळल्यावर तांबडे कारंजे आणि उतारावरून ओघळणारा लाव्हा दिसू लागला. पाच-दहा मिनिटांचे झटके, मग विश्रांती.

पाहणाऱ्याला लाव्हा भयंकर वाटतो, पण त्याच्यापासून माणसाला बहुधा पळता येते. खरे बळी इतर गोष्टी घेतात. १७८३ मध्ये आइसलँडच्या लाकी भेगेतून, म्हणजे दख्खनच्याच प्रकारच्या पण अगदी चिमुकल्या उद्रेकातून, आठ महिने विषारी वायू निघाला. गुरे मेली, दुष्काळ पडला आणि देशातली सुमारे पाचवा हिस्सा माणसे गेली. १९८५ मध्ये कोलंबियात नेवादो देल रुइझवरचे बर्फ वितळून चिखलाचा लोंढा आला, त्यात आर्मेरो गाव बुडाले. सुमारे २३ हजार मृत्यू झाले. क्राकाटोआच्या १८८३ च्या स्फोटात ३६ हजारांहून अधिक लोक मेले, त्यांतले बहुतेक समुद्राच्या लाटांनी. राख तर फार दूर जाते : नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातल्या हायली गुब्बीची राख आपल्या आकाशात आली आणि विमाने रद्द झाली.

यातले बेज्जूरपर्यंत काय पोहोचेल? फार तर थोडी राख, तीही खूप उंचावरून. उनकेश्वराचे पाणी तापते ते ज्वालामुखीने नव्हे; पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते आणि तिथल्या स्वाभाविक उष्णतेने तापून वर येते.

हादऱ्यांचे मात्र तसे नाही. गोदावरीचे खोरे म्हणजे जुनी खचलेली दरी, तिच्या कडांचे भंग अजून सरकतात. १३ एप्रिल १९६९ ला भद्राचलमजवळ ५.७ तीव्रतेचा भूकंप झाला होता, मुलुगूचा त्याच पट्ट्यातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत सात हजारांहून अधिक माणसे गेली, ती लाव्ह्याने नव्हे. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरची मातीची माळवदे झोपेत अंगावर कोसळली. तेव्हा पुढच्या वेळी जमीन हलली तर धूर शोधत बसू नका. आपल्या घराच्या भिंती कशात बांधल्या आहेत आणि छपराचे ओझे किती आहे, ते आजच एकदा पाहून घ्या.