श्वासाची तपासणी : एका फुंकरीतून काय कळते?



महामार्गाच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी वारली बांधवांचा एक पाडा आहे. आपल्या मिशनचे आरोग्यपथक दर गुरुवारी तिथे जाते. परिचारिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मीही पथकाबरोबर असते. त्या पाड्यावरची पंचेचाळिशीची एक ताई दोन वर्षे खोकत होती. चढण चढताना तिला दम लागे, डोक्यावर हंडा घेऊन येताना ती दोनदा थांबे. तिचा बेडका आम्ही तीनदा तपासायला पाठवला. तिन्ही वेळा त्यात क्षयाचे जंतू सापडले नाहीत. छातीच्या एक्स-रेमध्येही क्षयाची खूण नव्हती. पण खोकला काही थांबेना, म्हणून पाड्याने आपला निकाल देऊन टाकला : हिला टीबी आहे. घरात तिचे ताट-पेला वेगळा झाला. सून नातवाला तिच्या मांडीवर देईना.

"बाय, थुंकीत काय नाय, तर मला दम कशाला लागतो?" असे तिने मला विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. मी तिला दर वेळी एकच प्रश्न विचारत आले होते : विडी ओढतेस का? ती नाही म्हणायची आणि मी पुढे सरकायची. चुलीजवळ किती वेळ बसतेस, हे मी वर्षभरात एकदाही विचारले नाही. ही चूक माझी होती, आणि तीच सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

शेवटी आमच्या डॉक्टरांनी तिला फुंकून करायच्या तपासणीला पाठवले. अर्ध्या-पाऊण तासात जे कळले, ते दोन वर्षांत कळले नव्हते. म्हणून माणसाच्या श्वासातून आजार कसा ओळखतात, ते आज समजून घेऊ.

आपण जी हवा आत घेतो तिच्यात सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. बाहेर सोडतो तिच्यात तो सुमारे १६ टक्के उरतो आणि कार्बन डायऑक्साइड चार टक्क्यांच्या आसपास जातो. पण श्वासात एवढेच नसते. मधुमेह फार बिघडला की रुग्णाच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो, हे जुन्या वैद्यांनाही ठाऊक होते. १९७१ साली लायनस पॉलिंग या अमेरिकी शास्त्रज्ञाने माणसाचा श्वास थंड नळीत गोठवून तपासला, तेव्हा त्यात सुमारे २५० निरनिराळे पदार्थ असल्याचे दिसले. शरीरात जे घडते त्याचा थोडा अंश रक्तातून फुप्फुसात आणि तिथून श्वासात उतरतो. श्वासाच्या तपासणीमागचे तत्त्व हेच आहे.

आज दवाखान्यात ज्या तपासण्या होतात, त्यांतली सर्वांत महत्त्वाची म्हणजे स्पायरोमेट्री. तिच्यात श्वासातले पदार्थ नव्हे, तर श्वास किती आणि किती वेगाने बाहेर पडतो हे मोजतात. जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टराने १८४६ मध्ये दोन हजारांहून अधिक माणसांचे श्वास आपल्या यंत्राने मोजून दाखवले. आजचे यंत्र हातात मावते, पण करायचे तेच. नाकाला चिमटा लावतात. छाती भरून श्वास घ्यायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि जोराने, एका दमात, शेवटपर्यंत फुंकायचे. असे किमान तीनदा. निरोगी माणूस छातीतली बहुतेक हवा पहिल्या सेकंदातच बाहेर टाकतो. श्वासनलिका अरुंद झाल्या असतील, तर हवा अडकत-अडकत बाहेर येते.

मग पंपाने औषध देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. औषधाने नलिका चांगल्या मोकळ्या झाल्या तर दम्याची शक्यता अधिक. औषधानंतरही पहिल्या सेकंदातली हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांपेक्षा कमीच राहिली, तर डॉक्टर सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचा विचार करतात. आमच्या ताईला पहिल्या दोन फुंकी जमल्याच नाहीत. "मावशी, चूल फुंकता ना? तशीच फुंका, पण थांबू नका," असे तंत्रज्ञ म्हणाला, आणि मग जमले. तिला सीओपीडी निघाला.

दुसरी एक तपासणी खरोखर श्वासातला वायू मोजते. दम्यात श्वासनलिकांना सूज येते, तेव्हा श्वासात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू वाढतो. त्याचे प्रमाण इतके थोडे असते की ते अब्जात किती भाग असे मोजतात. मोठ्या माणसात ते २५ पेक्षा कमी असेल तर एका प्रकारची सूज नसावी, आणि ५० पेक्षा अधिक असेल तर ती असावी व सूज कमी करणारे पंपाचे औषध लागू पडेल, असा अंदाज बांधतात. तिसरी तपासणी कार्बन मोनॉक्साइडची. माणसाने गेल्या काही तासांत किती धूर छातीत घेतला, हे तिच्यातून कळते. तंबाखूमुक्ती केंद्रात ती वापरतात. मात्र या दोन्ही तपासण्या स्पायरोमेट्रीइतक्या सगळीकडे मिळत नाहीत.

ज्या बाईने कधी विडीला हात लावला नाही, तिला हा आजार कसा झाला? याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रातून आले आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याविषयी लेख लिहिला. सीओपीडी हा केवळ धूम्रपान करणाऱ्यांचा आजार नाही, लाकूड, गोवऱ्या आणि पालापाचोळा जाळून होणाऱ्या धुराचाही त्यात फार मोठा वाटा आहे, असे त्यांनी मांडले. याच संस्थेने १ फेब्रुवारी २०११ रोजी देशभरातल्या ८८० शहरे-गावांत एका दिवसाची पाहणी केली. त्या दिवशी डॉक्टरांकडे आलेल्या दोन लाखांहून अधिक रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जण श्वसनाची तक्रार घेऊन आले होते.

आता आपल्या पाड्यावरची झोपडी डोळ्यांसमोर आणा. कारवीच्या कुडाची एक खोली, खिडकी नाही, कोपऱ्यात चूल. मुलगी सात-आठ वर्षांची झाली की चुलीपुढे बसते. पावसाळ्यात ओल्या लाकडांचा धूर घरभर कोंडतो. दिवाळीनंतर अर्धा पाडा वीटभट्टीवर जातो, तिथे भट्टीचा धूर आणि विटांची धूळ. चाळीस वर्षांत त्या छातीने किती धूर प्यायला असेल!

तुम्ही विचाराल, मग क्षयरोगही एका फुंकरीत कळेल का? आज तरी नाही. स्पायरोमीटर क्षयाचे जंतू दाखवत नाही. उलट क्षयाचा संशय असेल तर आधी बेडका तपासून घेतात, फुंकायचे नंतर, कारण जोरात फुंकताना आणि खोकताना जंतू हवेत पसरतात. रुग्णाला नेताना हा क्रम आपण सर्वांनी ध्यानात ठेवावा.

संशोधन मात्र चालू आहे, आणि त्याची गरज मी त्याच पाड्यावर पाहिली आहे. तिथल्या चार वर्षांच्या एका मुलाला क्षयाचा संशय होता. एवढ्या लहान मुलाला बेडका काढून थुंकता येत नाही, तो गिळला जातो. त्याला रात्रभर उपाशी ठेवून सकाळी नाकातून नळी घालून पोटातले पाणी काढावे लागले. त्याची आई भिंतीकडे तोंड करून उभी होती. इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठातील आणि दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी मुखपट्टीत खास पट्ट्या बसवून क्षयरुग्णांचा श्वास त्यांवर गोळा केला. २०२० साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २४ रुग्णांच्या मुखपट्टीत क्षयाचे जंतू बेडक्यापेक्षा अधिक वेळा सापडले. वासाचा नमुना ओळखणारी 'इलेक्ट्रॉनिक नाके'ही अनेक देशांत तपासली जात आहेत. अशी पद्धत मुलांसाठी पक्की झाली, तर ती नळी टळेल.

पण घाई नको. २०२२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कोविडसाठी श्वासाच्या एका तपासणीला आणीबाणीची परवानगी दिली, तेव्हाही तिच्यात आजार दिसल्यास दुसऱ्या चाचणीने खात्री करावी अशी अट होती. जेवण, तंबाखू, घरातला धूर, सगळ्यांचे अंश श्वासात मिसळतात. म्हणून एका फुंकरीत कर्करोग किंवा टीबी सांगतो, असे म्हणून कोणी पैसे मागू लागला, तर विश्वास ठेवू नका. क्षयासाठी आज बेडक्याचीच तपासणी करावी. तिच्यासाठी गोव्यात तयार होणारे ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालते आणि सुमारे तासाभरात निकाल देते. सरकारी केंद्रात ही तपासणी आणि औषधे मोफत आहेत, आणि उपचार चालू असताना पोषणासाठी महिना १,००० रुपये रुग्णाच्या खात्यात जमा होतात.

आपण काय करू शकतो? दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेला माणूस तुमच्या वाडीत, शेतावर किंवा घरकामाला येत असेल, तर त्याला तपासणीला घेऊन जा. नुसते 'जा' म्हणून भागत नाही. त्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो, गाडीभाडे लागते, आणि रुग्णालयात कुठल्या खिडकीवर उभे राहायचे हे सांगणारे कोणी नसते. बेडक्यात काही नाही निघाले म्हणून त्याला परत पाठवू नका, फुंकण्याच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. धुराविषयी जरूर विचारा. तुमच्या देणगीतून आम्ही गाडीभाडे, बुडालेला रोज आणि पंपाची औषधे देतो. पंप घेतला की सवय लागते, हा समज पाड्यावर आहे तसा आपल्या घरांतही आहे. तो खरा नाही. पंपाचे औषध थोडे असते आणि थेट छातीत जाते.

आमच्या ताईचा आजार बरा होणारा नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितले. ती आता रोज पंप घेते. मुलाने चूल बाहेर पडवीत हलवली. चढणीवर ती अजूनही थांबते, पण एकदाच. निकालाचा कागद घेऊन डॉक्टर आणि मी तिच्या घरी गेलो आणि सुनेला समोर बसवून समजावले : हा टीबी नाही, हा धुराचा आजार आहे, तो कोणाला लागत नाही. सून काही बोलली नाही. पुढच्या गुरुवारी गेले, तर नातू ताईच्या मांडीवर होता आणि त्याच्या हातात पंपाचे रिकामे खोके होते.

देवाने मातीच्या माणसात श्वास फुंकला आणि तो जिवंत झाला, असे आपण उत्पत्तीच्या पुस्तकात वाचतो. तो श्वास धुराने कोंडू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे. येत्या रविवारी प्रार्थनेत या पाड्यांची आठवण ठेवा, आणि जमल्यास एखाद्या गुरुवारी आमच्याबरोबर चला.