स्पॅनिश भाषेतील कारणबोधक उभयान्वयी अव्यये

स्पॅनिश शिकू लागलेल्या मराठी विद्यार्थ्याच्या टिपणवहीत पोर्के, कोमो, या के, पुएस्तो के, पुएस आणि नुसते के या सहाही शब्दांपुढे बहुधा एकच प्रतिशब्द लिहिलेला असतो, तो म्हणजे ‘कारण’. प्रतिशब्द चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे, आणि त्याचे अपुरेपण वाचताना फारसे जाणवत नाही, लिहिताना मात्र पदोपदी जाणवते. हे सहा शब्द एकाच अर्थाचे पर्याय आहेत असे समजून त्यांची अदलाबदल केली, तर वाक्य कधी अव्याकरणीय होते, कधी विचित्र वाटते, आणि काही ठिकाणी त्याचा अर्थ पार उलटा होतो. कारण काय, हे सांगण्यासाठी स्पॅनिश भाषेला इतक्या अव्ययांची गरज नव्हती. बोलणारा त्या कारणाकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, ते श्रोत्याला नव्याने सांगतो की त्याला ठाऊकच आहे असे धरून चालतो, हे सांगण्यासाठी ती गरज आहे.

येथे स्पॅनिश उदाहरणे देवनागरीत, अमेरिका खंडातील उच्चाराला अनुसरून दिली आहेत. स्पॅनिश त आणि द दंत्य असल्याने, तसेच ब आणि व यांचा भेद त्या भाषेच्या उच्चारात नसल्याने, देवनागरी या कामी गैरसोयीची नाही. एकच हानी होते. शब्दावरील आघात दिसत नाही. त्यामुळे ‘का?’ या अर्थाचे पोर के (आघात शेवटच्या ‘के’वर) आणि ‘कारण’ या अर्थाचे पोर्के (आघात ‘पोर्’वर) यांतील फरक वाचकाने मनाशी जागा ठेवावा.

प्रथम पोर्के आणि कोमो यांची तुलना करू. ‘ख्वान से केदो एन कासा पोर्के योबीआ’, म्हणजे ख्वान घरी राहिला, कारण पाऊस पडत होता. ‘कोमो योबीआ, ख्वान से केदो एन कासा’, म्हणजे पाऊस पडत असल्यामुळे ख्वान घरी राहिला. घटना त्याच, कार्यकारणसंबंधही तोच. तथापि पहिल्या वाक्यात पाऊस ही बातमी आहे. ख्वान घरी राहिला हे श्रोत्याला ठाऊक असू शकते, तो का राहिला हे सांगावयाचे आहे. दुसऱ्या वाक्यात पाऊस ही पार्श्वभूमी आहे आणि ख्वानचे घरी राहणे ही बातमी आहे. म्हणूनच ‘पोर के?’ या प्रश्नाचे सरळ उत्तर पोर्केनेच द्यावे लागते. कोमो, या के किंवा पुएस्तो के यांनी ते देता येत नाही. जे अव्यय कारण आधीच मान्य आहे असे सुचविते, ते नेमके कारणच विचारले असता उत्तराच्या आरंभी कसे बसावे? ‘केवळ’ या अर्थाचा सोलो हा शब्दही याच न्यायाने पोर्केच्या आधी येतो, कोमोच्या आधी येत नाही.

कोमोचे स्थानही ठरलेले आहे. कारणार्थी कोमो मुख्य वाक्याच्या आधीच यावा लागतो. तो मागे टाकला, की कारणाचा अर्थ नाहीसा होऊन ‘जसे’ हा मूळचा रीतिवाचक अर्थ पुढे येतो. शब्दाची व्युत्पत्तीही लॅटिन ‘क्वोमोदो’, म्हणजे ‘कोणत्या रीतीने’, अशीच आहे. मराठी विद्यार्थ्याची अडचण येथून सुरू होते. ‘पाऊस पडत होता म्हणून ख्वान घरी राहिला’ या वाक्यात कारण आधी आणि कार्य नंतर, हा मराठीचा सहज क्रम आहे. तोच क्रम कायम ठेवून पोर्केने वाक्य सुरू करण्याचा मोह होतो. असे वाक्य स्पॅनिशमध्ये अशक्य नाही, परंतु त्यात कारणावर असा जोर येतो, की जणू कोणी त्याविषयी वाद घातला होता. साध्या कथनात तेथे कोमो हवा. कोमोचा आणखी एक सापळा असा, की त्याच्या पुढे क्रियापद संभाव्यार्थात आले, तर ते कारण न राहता अट होते, आणि बहुतेक वेळा धमकीची अट होते. ‘कोमो नो बेंगास, मे एन्फादो’ याचा अर्थ ‘तू येत नाहीस म्हणून मी रागावतो’ असा नव्हे, ‘आला नाहीस तर मी रागावेन, सांगून ठेवतो’ असा आहे.

या के आणि पुएस्तो के ही दोन्ही अव्यये मान्य कारणाची आहेत, आणि ती मुख्य वाक्याच्या आधी किंवा नंतर येऊ शकतात. दादो के आणि बिस्तो के त्यांचेच भाईबंद. त्यांना कचेरीचा व न्यायालयाचा वास अधिक. यांपैकी या के बोलण्यात सर्वांत रुळलेले आहे, आणि त्याला मराठीत ‘कारण’ हा प्रतिशब्द देणे ही खरोखर हानी आहे. ‘या के एस्तास आकी, आयुदामे’ या वाक्याचे मराठी ‘तू येथे आहेस, कारण मला मदत कर’ असे तर होतच नाही. ‘तू येथे असल्यामुळे मला मदत कर’ हेही लंगडेच आहे. मराठी माणूस अशा वेळी म्हणतो, ‘आलाच आहेस, तर जरा मदत कर.’ ‘च’ने वस्तुस्थिती मान्य झाल्याचे दर्शविले आणि ‘तर’ने तिच्यावरून पुढची मागणी केली. मराठी व्याकरणात ‘तर’ची गणना संकेतबोधकांत होते, कारणबोधकांत होत नाही, पण या के ज्या कामासाठी आहे ते काम मराठीत हा ‘च… तर’ करतो.

कारणाचा निर्देश बोलणाऱ्याची पसंती-नापसंती सोबत घेऊनही होतो. ग्रासिआस आ के (कृपेने) आणि पोर कुल्पा दे के (दोषामुळे) ही उघड उदाहरणे आहेत. देबिदो आ के मात्र तटस्थ असून वृत्तपत्रांना व अहवालांना प्रिय आहे. यांवर अधिक थांबण्याचे प्रयोजन नाही.

आता ज्या प्रश्नावर स्पॅनिश व्याकरणकारांमध्ये दीर्घकाळ मतभेद राहिला त्याकडे वळू. पुढील दोन वाक्ये पाहावीत. ‘एल पात्यो एस्ता मोखादो पोर्के आ योबिदो’, म्हणजे अंगण ओले आहे, कारण पाऊस पडून गेला आहे. ‘आ योबिदो, पोर्के एल पात्यो एस्ता मोखादो’, म्हणजे पाऊस पडून गेला आहे, कारण अंगण ओले आहे. अव्यय दोन्हीकडे पोर्केच. परंतु अंगण ओले झाल्यामुळे पाऊस पडत नाही, हे सांगावयास नको. दुसऱ्या वाक्यातील कारण पावसाचे नाही, ‘पाऊस पडला’ असे म्हणण्याचे आहे. लॅटिन भाषेत या दोन प्रकारांसाठी सामान्यतः वेगवेगळी अव्यये असत. एकीकडे क्विआ, क्वोद, क्वोनिआम, तर दुसरीकडे नाम आणि एनिम. त्या आदर्शाला अनुसरून स्पॅनिश राजअकादमीच्या १९३१ च्या व्याकरणात कारणवाक्यांचे दोन वर्ग केलेले होते. काही प्रधानत्वसूचक जोडणीत, काही गौणत्वसूचक जोडणीत. सामुएल खिली गाया यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या वाक्यविचारविषयक ग्रंथात या विभागणीवर आक्षेप घेतला. लॅटिनमधील अव्ययांचा भेद स्पॅनिशमध्ये उरलेला नसता तो वर्गीकरणात ठेवणे म्हणजे एका भाषेचे व्याकरण दुसरीवर लादणे होय, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. अकादमीने १९७३ च्या आपल्या ‘एस्बोसो’ या मसुदावजा व्याकरणात हा पक्ष स्वीकारून सर्व कारणवाक्ये गौण मानली.

आक्षेप योग्य होता, निष्कर्ष मात्र घाईचा होता. अव्ययांचा भेद नाहीसा झाला म्हणून अर्थाचा भेद नाहीसा होत नाही. राफाएल लापेसा यांनी १९७८ मधील एका निबंधात हे दाखवून दिले. वाक्ये प्रधान की गौण हा वाद बाजूस ठेवून त्यांनी विचारले, की कारण कशाचे दिले जात आहे, घटनेचे की कथनाचे? असे विचारताच व्याकरणाच्या इतर गोष्टीही जागेवर येतात. कथनाचे कारण देणाऱ्या पोर्केच्या आधी लेखनात स्वल्पविराम व बोलण्यात विराम येतो. ते वाक्य ‘पोर के?’ या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही; त्यावर ‘केवळ’ लावता येत नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अकादमीच्या नव्या व्याकरणातही विधेयाच्या आतील कारण आणि विधेयाबाहेरील कारण हा भेद मानलेला आहे. मराठी अभ्यासकाला हा भेद समजण्यास वस्तुतः सोपा जावा, कारण मराठीने दुसऱ्या प्रकारासाठी एक स्वतंत्र जोडी राखून ठेवली आहे. ‘ज्याअर्थी अंगण ओले आहे, त्याअर्थी पाऊस पडून गेला असावा.’ याउलट ‘ज्याअर्थी पाऊस पडला त्याअर्थी अंगण ओले झाले’ हे वाक्य कानाला खटकते.

सर्वांत मोठा धोका मात्र नकारार्थी वाक्यात आहे. ‘स्वस्त होते म्हणून त्याने ते घेतले नाही’ या मराठी वाक्याचे दोन अर्थ होतात. एक असा, की स्वस्ताईचा संशय येऊन त्याने ती वस्तू घेतलीच नाही. दुसरा असा, की घेतली, पण स्वस्त म्हणून नव्हे. स्पॅनिश भाषा हा प्रश्न क्रियापदाच्या रूपाने सोडविते. ‘नो लो कोम्प्रो पोर्के एरा बारातो’ येथे एरा हे रूप स्वार्थाचे आहे. वस्तू घेतली गेली नाही, आणि स्वस्तपणा हे न घेण्याचे कारण होय. ‘नो लो कोम्प्रो पोर्के फुएरा बारातो’ येथे फुएरा हे रूप संभाव्यार्थाचे, ज्यास स्पॅनिशमध्ये सुबखुन्तिबो म्हणतात त्याचे आहे. वस्तू घेतली गेली. नाकारले गेले ते कारण. पुढे बहुधा ‘सिनो पोर्के…’ (तर या कारणासाठी) असे खरे कारण येते, आणि ते पुन्हा स्वार्थात असते. बोलण्यात अशा जागी कधी स्वार्थही ऐकू येतो, पण संभाव्यार्थाचे रूप दिसले की संदेह उरत नाही. एका क्रियापदाच्या रूपावर खरेदी झाली की नाही हे अवलंबून आहे. करारपत्राचा किंवा साक्षीचा अनुवाद करणाराने येथे दुर्लक्ष केले, तर काय होईल ते उघड आहे. मराठीला संभाव्यार्थाचे हे साधन उपलब्ध नाही, पण ती निरुपायही नाही. ‘स्वस्त होते म्हणून काही त्याने ते घेतले नाही’ असे म्हटले, की नकार कारणाकडे वळतो. जे काम स्पॅनिशमध्ये फुएरा करते, ते येथे ‘काही’ करतो. मराठीतील या ‘काही’ची व्याकरणकारांनी अधिक दखल घ्यावयास हवी.

नुसत्या केचा उपयोग मुख्यतः आज्ञेनंतर होतो. ‘आब्रिगाते, के आसे फ्रीओ’, म्हणजे अंगावर काही घे, थंडी आहे. मराठीत दोन वाक्ये शेजारी ठेवली की पुरते. अव्यय लागत नाही. त्यामुळे विद्यार्थी एकतर के गाळतो किंवा तेथे पोर्के घालतो. पोर्केने वाक्य मोडत नाही, पण आईच्या तोंडी शिक्षकाची भाषा आल्यासारखे होते. थंडी हे येथे पांघरण्याचे स्पष्टीकरण नसून आज्ञा करण्याचे निमित्त आहे, म्हणजे पुन्हा कथनाचेच कारण. पुएसचे आयुष्य याच्या उलट झाले. लॅटिन ‘पोस्त’ (नंतर) यापासून आलेले हे अव्यय कारणार्थाने आता ग्रंथांतच अधिक राहिले, आणि बोलण्यात ते ‘बरं तर’, ‘मग’ अशा अर्थाने वाक्याच्या आरंभी फिरत असते.

जुने ग्रंथ वाचणाराला आणखी दोन शब्दांची ओळख हवी. एक ‘का’. लॅटिन क्विआपासून आलेले हे अव्यय ‘कान्तार दे मिओ सिद’ या मध्ययुगीन वीरकाव्यात जागोजाग भेटते. सोळाव्या शतकात ते मागे पडले होते. नेपल्समध्ये सुमारे १५३५ साली लिहिलेल्या आणि १७३७ पर्यंत हस्तलिखितातच राहिलेल्या भाषाविषयक संवादात ख्वान दे बाल्देस यांनी या शब्दावर अन्याय झाल्याची हळहळ व्यक्त केली आहे. मराठी वाचकाला हा ‘का’ पाहून आपल्या ‘का की’ची आठवण होईल, साम्य केवळ योगायोगाचे आहे.

दुसरा शब्द पुएस्तो के, आणि तो अधिक फसवा आहे, कारण तो आजही जिवंत आहे. पुएस्तो म्हणजे ‘मांडलेले’, ‘गृहीत धरलेले’. एखादी गोष्ट गृहीत धरली म्हणजे तिच्यावरून पुढे जाता येते, तसेच ती असूनही उलट दिशेला जाता येते. मराठीत ‘हुशार असून नापास झाला’ या वाक्यात ‘असून’ विरोध दाखवितो आणि ‘पुण्यात असून भेटून जाईन’ असे कोणी म्हणत नाही. स्पॅनिशने मात्र त्या एकाच शब्दाला कालांतराने दोन्ही दिशांना नेले. सेर्वान्तेसच्या ‘दोन किखोते’मध्ये (पहिला भाग १६०५, दुसरा १६१५) पुएस्तो केचा अर्थ बहुतेक ठिकाणी ‘जरी’ असा आहे, ‘ज्याअर्थी’ असा नाही. आजच्या स्पॅनिशवर पोसलेला वाचक तेथे ‘ज्याअर्थी’ असे वाचतो, आणि पात्राने एखादी गोष्ट अडचणीला न जुमानता केली असे लेखक सांगत असता, ती त्या अडचणीमुळेच केली असे समजून पुढे जातो. क्रियापदाचे रूप अशा वेळी साहाय्याला येतेच असे नाही, कारण त्या काळी ‘जरी’ या अर्थीही पुएस्तो केनंतर स्वार्थाचे रूप येत असे. निर्णय मुख्य वाक्यावरूनच करावा लागतो.