कोरडी विहीर आणि शून्याचा आकडा

गोंदिया जिल्ह्यास समुद्र नाही. तथापि येथील विहिरींनाही भरती-ओहोटी असते. समुद्राची भरती बहुधा दिवसातून दोनदा येते, विहिरीची वर्षातून एकदा. रोवणीच्या सुमारास बांध्या पाण्याने भरल्या की विहिरीचे पाणी चढू लागते, आणि मे महिन्यात ते तळ गाठते. मुंबईस अपोलो बंदरावरील समुद्रपातळीच्या नोंदी १८७८ पासूनच्या मिळतात. विहिरींचे असे मापन पुष्कळ उशिरा सुरू झाले. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे अशी वर्षातून चार वेळा मोजण्यात येते.

अशा हजारो नोंदी आता संगणकाच्या डेटाबेसमध्ये ठेवल्या जातात. त्यांना प्रश्न विचारण्याची एसक्यूएल नावाची भाषा आहे. तिचे मूळ रूप चेंबरलिन व बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडले. कोणते रकाने हवेत हे ‘सिलेक्ट’ या शब्दाने, कोणत्या अटीवर हे ‘व्हेअर’ने, आणि गाववार की वर्षवार हे ‘ग्रुप बाय’ने सांगावयाचे असते. संगणक हा अत्यंत आज्ञाधारक कारकून होय. विचारले तेवढेच तो सांगतो, आणि लिहिले तेच खरे मानतो. घोटाळा होतो तो येथेच.

समजा, एका गावात चार निरीक्षण विहिरी आहेत. गतवर्षी मे महिन्यात त्यांचे पाणी जमिनीपासून ७, ८, ९ व १० मीटर खाली होते, सरासरी ८.५ मीटर. यंदा पहिल्या तीन विहिरींत ते ८, ९ व १० मीटरवर गेले आणि ११ मीटर खोलीची चौथी विहीर आटली. मोजणाऱ्याने ‘पाणी नाही’ या अर्थाने शून्य लिहिले. परंतु खोलीच्या रकान्यात शून्य म्हणजे पाणी जमिनीच्या पातळीला टेकले! सरासरी निघाली ६.७५ मीटर. विहीर आटली, आणि कागदावर गावाचे पाणी पावणेदोन मीटर वर आले. या आकड्याच्या भरवशावर पुढील हंगामात उन्हाळी धानाचे क्षेत्र वाढविले, तर त्याची झळ पिण्याच्या पाण्यास लागेल.

रकाना रिकामा सोडला तरी भागत नाही. सरासरी काढताना संगणक रिकामी नोंद वगळतो. उरलेल्या तिहींची सरासरी ९ मीटर येते व घट केवळ अर्धा मीटर दिसते. कोरड्या विहिरीचे पाणी किमान ११ मीटरच्या खाली आहे असे धरल्यास सरासरी ९.५ मीटर, म्हणजे घट निदान एक मीटरची आहे. यास्तव ‘कोरडी’ हा स्वतंत्र रकाना असावा, विहिरीची एकूण खोली नोंदलेली असावी, आणि प्रश्न विचारताना त्याच विहिरी व तोच महिना ही अट घालावी. ऑक्टोबरचा आकडा मे महिन्याशी ताडून पाहणे व्यर्थ होय.

पाण्याच्या गुणवत्तेच्या नोंदींतही हाच दोष शिरतो. ‘आढळले नाही’ आणि ‘तपासले नाही’ या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पुष्कळ वह्यांत दोहोंसाठी एकच आडवी रेघ असते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक आहे. उकिरड्याजवळच्या किंवा भरपूर नत्रखत दिलेल्या शेतातील विहिरीत ते वाढू शकते. असे पाणी घालून तान्ह्या बालकास वरचे दूध पाजल्यास त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट दाट होते. म्हणून येथे गावाची सरासरी विचारू नये. कोणत्या विहिरीत मूल्य ४५ च्या वर गेले व कोणत्या विहिरीची तपासणीच झाली नाही, असे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. दुसऱ्या प्रश्नाची यादी पुष्कळदा अधिक लांब निघते.

ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी मापनाच्या वेळी कठड्याची उंची वजा करण्यास विसरू नये. विहीर आटलेली आढळल्यास शून्य न लिहिता ‘कोरडी’ असे लिहावे, तारीख घालावी, आणि त्याच वेळी टेप तळापर्यंत सोडून तिची खोली नोंदवून घ्यावी. गाळ साचून ती पूर्वीपेक्षा कमी झालेली असण्याचा संभव असतो.