पाण्याखालचा तोल : स्कूबा डायव्हिंगसाठी प्लवन-जाकिटाची निवड

सुटीच्या दिवसांत मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या दिशेने निघणाऱ्या होड्यांमध्ये एक दृश्य हमखास दिसते. पुण्या-मुंबईहून, तसेच बेळगाव, इंदूर, हैदराबाद अशा दूरदूरच्या शहरांतून आलेली मंडळी पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून, काहीशा धास्तावलेल्या मनाने पाण्यात उतरण्याची तयारी करीत असतात. या पहिल्या बुडीत पर्यटकाला फारसे काही करावे लागत नाही. त्याचा तोल प्रशिक्षकच सांभाळतो. तो किती खोल जावा, कोठे थांबावा आणि केव्हा वर यावा, हे प्रशिक्षकाच्या हाती असते.

मात्र प्रवाळांचे ते रंगीबेरंगी विश्व एकदा डोळ्यांत भरले, की काहींचे समाधान एका बुडीवर होत नाही. मग तारकर्ली येथील महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या केंद्रात, मुरुडेश्वरनजीकच्या नेत्राणी बेटापाशी, लक्षद्वीपमध्ये अथवा अंदमानातील हॅवलॉक (२०१८ पासून स्वराज द्वीप) येथे रीतसर प्रशिक्षण घेतले जाते. प्रमाणपत्र हाती येते आणि त्यापाठोपाठ स्वतःची साधने घेण्याची इच्छाही बळावते. या साधनांमध्ये सर्वाधिक विचारपूर्वक निवडावी लागणारी वस्तू म्हणजे ‘बॉयन्सी कंट्रोल डिव्हाइस’, अर्थात ‘बीसीडी’. मराठीत त्यास प्लवन-जाकीट म्हणता येईल. पाणबुड्याचा पाण्याखालचा तोल, आणि प्रसंगी त्याचा जीवही, या जाकिटावर अवलंबून असतो.

माशाची युक्ती, माणसाची उसनवारी

अनेक माशांच्या शरीरात निसर्गाने वाताशय नावाची हवेची पिशवी दिली आहे. तीतील वायू कमी-अधिक करून मासा हव्या त्या खोलीवर विनासायास स्थिर राहतो. माणसाकडे अशी सोय नाही. जाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये पाण्याखाली श्वास घेण्याचे स्वयंचलित उपकरण सिद्ध केले. तथापि त्यानंतर कित्येक वर्षे पाणबुडे केवळ कमरेचे शिसे आणि छातीतील श्वास यांच्या आधारे तोल सांभाळीत असत. १९६० च्या दशकात गळ्यात अडकवण्याचे फुगवता येणारे जाकीट प्रचारात आले आणि १९७० च्या दशकात त्याला अंगात घालावयाच्या जाकिटाचे रूप प्राप्त झाले.

आजच्या जाकिटाची रचना तत्त्वतः साधी आहे. त्यात एक हवाबंद पिशवी असते. सिलिंडरमधून आलेल्या नळीवरील कळ दाबली की तीत हवा भरते. दुसरी कळ दाबली अथवा झडपेची दोरी ओढली की हवा बाहेर पडते. शाळेत शिकलेल्या आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार, पिशवीत एक लिटर हवा भरली की सुमारे एक किलो वजन उचलणारे प्लावक बल मिळते.

वजनाचा जमाखर्च

जाकीट घेताना ग्राहक प्रथम त्याची उचलक्षमता विचारतो आणि ‘जितकी जास्त तितकी चांगली’ असे गृहीत धरतो. हा समज तपासून पाहावयास हवा. त्यासाठी थोडा जमाखर्च मांडावा लागेल.

आपल्याकडे सर्वत्र वापरले जाणारे अ‍ॅल्युमिनियमचे सिलिंडर सुमारे ११ लिटरचे असते. २०० बार दाबाने भरल्यास त्यात सुमारे २,२०० लिटर हवा मावते आणि या हवेचे वजन अडीच किलोंहून थोडे अधिक भरते. पाणबुड्या ही हवा वापरत जातो, तसे सिलिंडर हलके होत जाते. म्हणून बुडीच्या अखेरीस पाच मीटरवर तीन मिनिटे थांबताना आपण वर ढकलले जाऊ नये, एवढे शिसे त्याला आरंभीच सोबत घ्यावे लागते. परिणामी आरंभी तो सुमारे अडीच किलोंनी जड असतो. त्यातच पाण्याच्या दाबाने त्याचा रबरी पोशाख दबतो आणि त्या पोशाखाची तरंगण्याची शक्ती घटते. तीन मिलिमीटर जाडीच्या पोशाखासाठी ही घट दीड-दोन किलोंची धरता येईल. म्हणजे खोलवर जाकिटाला भरून काढावयाची तूट चार-साडेचार किलोंचीच असते. पृष्ठभागावर डोके पाण्याबाहेर ठेवण्यासाठी यापेक्षा काही किलो अधिक बळ लागते. हे सारे जमेस धरून आणि राखीव साठा ठेवूनही, आपल्याकडील उष्ण समुद्रात एका सिलिंडरसह उतरणाऱ्यास १२ ते १५ किलो उचलक्षमता सर्वसाधारणपणे पुरेशी होते. थंड प्रदेशातील जाड पोशाखाचा हिशेब अर्थातच निराळा.

खरेदीच्या वेळी एक गोष्ट लक्षात ठेवावी. युरोपीय जाकिटांवर ही क्षमता न्यूटनमध्ये, तर अमेरिकी जाकिटांवर पौंडांत छापलेली असते. दहा न्यूटन अथवा २.२ पौंड म्हणजे ढोबळमानाने एक किलो.

मोठ्या पिशवीचा तोटा असा, की थोडी हवा तीत इकडून तिकडे सरकत राहते आणि तोल बिघडवते. त्याहून गंभीर धोका वर येताना उद्भवतो. वीस मीटरवर, जेथे दाब तीन बार असतो, तेथे पिशवीत सहा लिटर हवा असेल तर दहा मीटरवर तीच हवा नऊ लिटर होते आणि पृष्ठभागावर अठरा. ती वेळीच सोडली नाही तर पाणबुड्या फुग्यासारखा वर फेकला जातो. असे अनियंत्रित वर येणे फुप्फुसांना इजा करू शकते आणि रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे निर्माण होण्याचा धोका वाढवते. गरजेपेक्षा जास्त शिसे बांधणाऱ्या नवशिक्याला हा धोका अधिक. कारण प्रत्येक जादा किलोसाठी त्याला पिशवीत एक लिटर जादा हवा बाळगावी लागते. म्हणूनच जाकीट निवडण्यापूर्वी आपले योग्य वजन प्रशिक्षकाकडून निश्चित करून घेणे श्रेयस्कर.

तीन घडणी

बाजारात प्रामुख्याने तीन प्रकारची जाकिटे मिळतात.

पहिला प्रकार सर्वपरिचित जाकिटाचा. यात हवा पाठीबरोबर दोन्ही कुशींतही भरते. पृष्ठभागावर माणूस सरळ उभा तरंगतो, त्यामुळे नवशिक्यास दिलासा वाटतो. खिसे मोठे असतात. मात्र पूर्ण फुगवल्यास छाती-पोटाभोवती ते आवळले जाते.

दुसऱ्या प्रकारात हवेची पिशवी केवळ पाठीवर, सिलिंडरच्या दोन्ही अंगांस असते. पाण्याखाली शरीर आडवे, माशासारखे राहते आणि छाती मोकळी असते. पृष्ठभागावर मात्र ते किंचित पुढे झुकवते. थोडे मागे रेलून आणि हवा बेताने भरून त्यावर मात करता येते.

तिसरा प्रकार धातूची पाठपट्टी, अखंड पट्टा आणि स्वतंत्र पिशवी यांचा. प्रत्येक भाग वेगळा बदलता येतो आणि पोलादी पट्टीच्या वजनामुळे कमरेचे शिसे कमी होते. त्याचे पट्टे अंगाच्या मापाने नीट जुळवून घेण्यास मात्र सवय आणि जाणत्याचे मार्गदर्शन लागते.

वर्षातून एकदा अंदमान वा लक्षद्वीपला जाणाऱ्यांसाठी घडी होणारी, दोन-तीन किलो वजनाची हलकी प्रवासी जाकिटेही मिळतात. विमानप्रवासातील सामानाची मर्यादा पाहता त्यांचा विचार अवश्य करावा.

अंगावर घालून पाहावे

जाकीट चित्र पाहून घेऊ नये. ज्या पोशाखावर ते वापरावयाचे, तो पोशाख घालूनच ते अंगावर चढवावे. सर्व बंद आवळून ते पूर्ण फुगवावे आणि दीर्घ श्वास घ्यावा. श्वास कोंडत असल्यास माप लहान आहे. नंतर सहकाऱ्याला ते खांद्यांपाशी वर ओढावयास सांगावे. कानांपर्यंत सरकल्यास माप मोठे आहे. बहुतेक स्त्रियांची पाठ तुलनेने आखूड असल्याने त्यांच्यासाठी केलेले स्वतंत्र माप पाहावे.

हवा भरण्याची आणि सोडण्याची कळ न पाहता, केवळ स्पर्शाने ओळखता आली पाहिजे. खांद्यावरील झडपेबरोबरच पाठीमागे खालच्या बाजूसही झडप असावी. डोके खाली असताना हवा तेथूनच बाहेर सोडता येते. शिशाची वजने जाकिटातच बसवण्याची सोय असल्यास, संकटसमयी ती एका हाताने झटकन सुटतात काय, हे दुकानातच वजने भरून पाहावे. युरोपीय मानक ईएन १८०९ चा उल्लेख असल्यास ती जमेची बाजू समजावी.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. प्लवन-जाकीट हे जीवरक्षक जाकीट नव्हे. शुद्ध हरपलेल्या माणसाचे तोंड ते पाण्याबाहेर राखीलच, अशी हमी त्यात नसते. सोबतीशिवाय बुडी न मारण्याचा नियम त्यामुळेच मोलाचा ठरतो.

विकत घ्यावे की भाड्याने?

नव्या जाकिटाची किंमत काही दहा हजार रुपयांच्या घरात जाते. आपल्याकडील अनेक केंद्रांच्या शुल्कात साधनांचे भाडे अंतर्भूत असते; तेव्हा स्वतःचे जाकीट नेल्याने पैशांची बचत होईलच असे नाही. लाभ होतो तो परिचयाचा. प्रत्येक बुडीत तीच कळ, तोच खिसा, तोच तोल. वर्षाकाठी दोन-चार बुड्या मारणाऱ्याने म्हणून घाई करू नये. आधी चेहऱ्यास नेमका बसणारा मुखवटा घ्यावा, भाड्याने मिळणारी निरनिराळी जाकिटे वापरून पाहावीत, आणि आवड टिकली तर संचित बचतीतून खरेदी करावी. हौसेच्या वस्तूसाठी हप्त्यांचे ओझे घेणे शहाणपणाचे नव्हे.

जुने जाकीट घेताना ते पूर्ण फुगवून काही तास ठेवावे आणि सैल पडते काय ते पाहावे. कळ दाबून सोडल्यानंतरही हवा भरत राहत असल्यास ते नाकारावे. त्याचप्रमाणे आपल्या प्रवासविम्यात स्कूबा डायव्हिंगचा अंतर्भाव आहे काय आणि किती खोलीपर्यंत, हे पॉलिसीच्या अटींत वाचून घ्यावे.

निगा

प्रत्येक दिवसाच्या अखेरीस जाकीट गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवावे. पिशवीत राहिलेल्या खाऱ्या पाण्याचे मिठाचे खडे होतात आणि तेच पुढे झडपांत अडकतात. उन्हाऐवजी सावलीत वाळवावे, थोडी हवा भरून टांगून ठेवावे आणि वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासून घ्यावे.

मालवणचा सागरी परिसर १९८७ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला असून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये प्रवाळांना कायद्याचे संरक्षण आहे. तथापि तोल सुटलेल्या पाणबुड्याची एक लाथ कित्येक वर्षांत वाढलेली प्रवाळाची फांदी क्षणात मोडते, आणि तेथे कायदा धावून येत नाही. योग्य मापाचे जाकीट, नेमके शिसे आणि शांत श्वास यांचा मेळ जमला, की पाणबुड्या तळाला न टेकता, वर न फेकला जाता, अधांतरी स्थिर राहतो. पहिल्या बुडीत जो तोल प्रशिक्षकाने सांभाळला होता, तो आता त्याचा स्वतःचा झालेला असतो.