वरच्या दुधाचा बाजार

टीव्हीवर डायपरची जाहिरात लागते, बाळाच्या साबणाची लागते, तेलाची लागते. तान्ह्या बाळाच्या दूध-पावडरची मात्र कधीच लागत नाही. तरी औषधाच्या दुकानात लॅक्टोजेन, नॅन, सिमिलॅक, डेक्सोलॅक, अमूल स्प्रे यांचे डबे रांगेनं मांडलेले असतात आणि ते खपतही असतात. या मालाबद्दल आपल्याकडे समज पुष्कळ आहेत. गंमत म्हणजे ते एकमेकांच्या उलटही आहेत. कुणाला वाटतं सरकारनं यावर बंदी घातली आहे, तर कुणाला वाटतं डॉक्टर लिहून देतात म्हणजे हे औषधच असणार.

‘सरकारची बंदी आहे’

विक्रीवर बंदी नाही. बंदी आहे ती खप वाढवण्याच्या खटपटीवर. १९८१ साली जिनिव्हात जागतिक आरोग्य सभेनं आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या विक्रीविषयी आचारसंहिता मंजूर केली. बाजूनं ११८ मतं पडली, विरोधात एकच, अमेरिकेचं. पण संहिता म्हणजे शिफारस. कायदा ज्याच्या त्याच्या देशानं करायचा. भारतानं तो १९९२ मध्ये केला, ऑगस्ट १९९३ पासून लागू केला आणि २००३ मध्ये आणखी कडक केला. दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीची दूध-पावडर, डबाबंद खाणं आणि दूध पाजायच्या बाटल्या, तिन्ही त्यात येतात. या मालाची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुने वाटता येत नाहीत. पावडरच्या डब्यावर बाळाचा किंवा आईचा फोटो छापता येत नाही. आईचं दूध सर्वोत्तम, ही सूचना ठळक अक्षरांत द्यावीच लागते.

कागदावर हा जगातल्या कडक कायद्यांपैकी एक आहे. शिक्षेची बाजू मात्र तितकी भक्कम नाही. जाहिरात केली किंवा भेटी वाटल्या तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कैदेची तरतूद गंभीर आहे, पण पाच हजारांच्या दंडानं एवढ्या मोठ्या कंपन्यांना काय झळ बसणार?

‘जाहिरात नाही, म्हणजे प्रचारही नाही’

सगळ्यांत मोठा गैरसमज हाच. या मालाला टीव्हीची गरज कधी फारशी नव्हतीच. त्याचं गिऱ्हाईक तयार होतं ते प्रसूतिगृहात, पहिल्या दोन-तीन दिवसांत.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे पाहा. देशात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, पण जन्मल्यापासून तासाभरात अंगावर पाजलं गेलं ते फक्त ४१.८ टक्के मुलांना. डॉक्टर, नर्स, खाट सगळं हाताशी असताना निम्म्याहून जास्त बाळांची ही पहिली वेळ हुकते. खासगी दवाखान्यांत ४७ टक्क्यांहून अधिक बाळंतपणं सिझेरियननं झाली. तिथे टाके दुखत असतात, कूस बदलता येत नाही, बाळ दुसऱ्या खोलीत असतं. सुरुवातीला येतो तो चीक. तो थेंबांनीच येतो, आणि नवजात बाळाला तेवढाच पुरतो. पण बाळ रडलं की खोलीतल्या चार बायका एकमेकींकडे बघतात आणि ‘दूध उतरत नाही’ असा निकाल लागतो. कुणीतरी डबा आणतं. बाळ पोटभर पिऊन झोपतं आणि डब्याची बाजू सिद्ध होते.

पुढचं काम शरीर करतं. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. वरच्या दुधानं पोट भरलेलं बाळ कमी ओढतं, दूध कमी होतं, आणि चार दिवसांपूर्वी खोटी असलेली तक्रार खरी होते. घरी जाताना एखाद्या ब्रँडचं नाव कागदावर लिहिलेलं असेल तर तोच ब्रँड पुढे चालतो. बाळाला मानवलेलं दूध बदलायचं धाडस कुठली आजी करत नाही.

म्हणूनच कायदा डॉक्टरांच्या टेबलापर्यंत येतो. कंपनीनं आरोग्यसेवकाला किंवा त्याच्या कुटुंबीयांना भेटवस्तू देणं, वैद्यकीय संघटनेच्या परिषदेचा किंवा संशोधनाचा खर्च उचलणं, दवाखान्यात फलक लावणं, हे सगळं गुन्ह्यात मोडतं. ‘विकत घ्यायला उत्तेजन देण्याचा कोणताही प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष मार्ग’ इतकी प्रचाराची व्याख्या रुंद आहे. पैसे घेऊन डबा दाखवणारी इन्स्टाग्रामवरची आईही तिच्या कक्षेत येते. इंटरनेट घरोघरी पोचण्याआधी लिहिलेली व्याख्या आजही पुरते, याचं श्रेय ती लिहिणाऱ्यांना द्यायला हवं.

कायदा राबवायला लावणाऱ्यांत स्वयंसेवी संस्थांचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या ‘अकाश’ या ग्राहक संस्थेनं नव्वदच्या दशकात जॉन्सन अँड जॉन्सनला बाटल्यांच्या जाहिरातींवरून कोर्टात खेचलं, आणि कंपनीनं भारतात दुधाच्या बाटल्या विकणंच सोडून दिलं. या क्षेत्रातली दुसरी महत्त्वाची संस्था, ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया, १९९१ मध्ये वर्ध्यात स्थापन झाली.

‘हा परदेशी कंपन्यांचा उद्योग’

नेस्ले सगळ्यांत मोठी आहे, हे खरं. पण देशी इतिहासही तेवढाच रंजक आहे. म्हशीच्या दुधाची पावडर होऊच शकत नाही, असं परदेशी तज्ज्ञ सांगत असताना हरिचंद दलाया यांनी आणंदला ती करून दाखवली. म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संस्थेनं म्हशीच्या दुधापासून बाळांसाठी पावडर बनवण्याची पद्धत बसवली आणि अमूलनं ती बाजारात आणली. अभिमान जरूर वाटावा. कायदा मात्र सहकारी डब्याला वेगळा नाही. आणि डेक्सोलॅक? तो वोक्हार्टचा, म्हणजे मुंबईच्या कंपनीचा ब्रँड होता. २०१२ मध्ये फ्रान्सच्या दानोननं तो विकत घेतला.

‘डबाबंद म्हणजे निर्जंतुक’

नाही. पावडर निर्जंतुक नसते. क्रोनोबॅक्टरसारखे जंतू तिच्यात जिवंत राहू शकतात. म्हणून पाणी उकळून ते ७० अंशांच्या खाली जाण्याआधी पावडर कालवावी, मग दूध निववून लगेच पाजावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कोमट पाण्यात कालवून थर्मासमध्ये भरून ठेवणं ही आपली सर्रास सवय, आणि नेमकी तीच धोक्याची.

दुसरा धोका हिशेबातला आहे. चार महिन्यांचं सहा किलोचं बाळ दिवसाला सुमारे ९०० मिलिलिटर दूध पितं. त्याला साधारण १२० ग्रॅम पावडर लागते. म्हणजे ४०० ग्रॅमचा डबा तीन-साडेतीन दिवसांत संपतो, महिन्याला नऊ डबे. मजुरीवर चालणाऱ्या घरात मग दोन चमच्यांच्या जागी दीड पडतो. बाळाचं पोट भरलेलं दिसतं, वजन मात्र वाढत नाही.

यावर ‘त्यापेक्षा गाईचं दूध बरं, ते नैसर्गिक’ हा खेड्यातला तोडगा. गाईच्या दुधात लोह कमी असतं, प्रथिनं आणि क्षार तान्ह्याच्या मूत्रपिंडाला जड जातील इतके असतात, आणि पाणी घालून पातळ केलं की ताकदही जाते.

‘सहा महिन्यांनंतर काळजीचं कारण नाही’

सेरेलॅकसारखं खाणंही याच कायद्याखाली येतं. २०२४ मध्ये पब्लिक आय या स्विस संस्थेनं दाखवलं की भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या खाण्यामागे सरासरी सुमारे तीन ग्रॅम साखर वरून घातलेली होती, जर्मनी-ब्रिटनमध्ये नव्हती. ओरड झाल्यावर नेस्लेनं बिनसाखरेचे प्रकारही काढले. कायद्याची रेघ दोन वर्षांवर संपते, हे कंपन्यांना पाठ आहे. ‘दोन वर्षांपुढील’ मुलांच्या पौष्टिक पावडरींच्या जाहिराती बिनदिक्कत दिसतात त्या त्यामुळेच.

‘पावडर म्हणजे विषच’

स्तनपानाचा प्रचार करणाऱ्यांपैकी काही जण या टोकाला जातात, आणि त्याचा त्रास आधीच खचलेल्या आईला होतो. गॅलॅक्टोसेमिया या जन्मजात विकारात बाळाला आईचं दूध चालतच नाही. आईची केमोथेरपी सुरू असेल, आई दगावली असेल, तर डबा जीव वाचवतो. याउलट एचआयव्हीबाधित आईनं पाजूच नये, हा समज जुना झाला: ती औषधं नियमित घेत असेल तर पहिले सहा महिने फक्त अंगावर पाजावं, असंच भारतातलं धोरण आहे.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी आणखी एक वाट आहे. मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दूधपेढी उभी केली. तिथे दात्या आयांचं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास पाश्चराइज करून आजारी, कमी वजनाच्या बाळांना दिलं जातं. घरच्या बाळासाठी ती सोय नसते. अशा वेळी वरचं दूध द्यायचंच ठरलं तर आधी बालरोगतज्ज्ञाला बाळाचं वजन आणि शूचा हिशेब दाखवावा. चोवीस तासांत सहा वेळा किंवा जास्त शू होत असेल आणि वजन वाढत असेल तर आईचं दूध पुरतं आहे. आणि पावडर लागलीच, तर बाटली नको, वाटी-चमचा घ्यावा. तो उकळून स्वच्छ करता येतो, बाटलीचं बूच कितीही घासलं तरी खात्री नसते.